पाण्यातली रेघ

पहिल्या खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं. दुसऱ्या खोलीत एकदा पाऊल टाकलं की त्या दिवशी पुन्हा पहिल्या खोलीत यायचं नाही. आमच्या प्रयोगशाळेतला हा सगळ्यात मोठा नियम. दारावर तशी पाटी नाही, कुलूप नाही. दोन्ही दारं एकाच अरुंद बोळात समोरासमोर उघडतात. तरीही दुपारनंतर पहिल्या खोलीचं दार किलकिलं दिसलं की माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागतात.

आमची प्रयोगशाळा म्हणतो खरं, पण मी तिथला कोण, हे मलाही नीटसं सांगता येणार नाही. मी छापखान्यातला माणूस. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याच्या काळापासून मुद्रितं तपासत आलो. निवृत्तीनंतर धाकट्या बहिणीकडे राहायला आलो आणि पुस्तकांत डोकं खुपसून बसलो. माझी भाची या प्रयोगशाळेत कामाला. डोळे घारे म्हणून लहानपणापासून तिला आम्ही घारू म्हणतो. रोपवाटिकांमधून संत्र्याच्या रोपांची पानं तिथं येतात आणि त्यांच्यात एका रोगाचा जंतू आहे की नाही, ते तपासलं जातं. जंतू सापडला तर त्या वाफ्यातली सगळी रोपं जाळावी लागतात. पानांचा अर्क ज्या नळ्यांत ठेवतात त्या नळ्या करंगळीच्या पेराएवढ्या, आणि त्यांच्या टोपणावरचे आकडे मुंगीच्या पायांएवढे. एकदा सहाचा आठ वाचला गेला, बराच घोळ झाला. तेव्हा घारूच साहेबांना म्हणाली, "माझे मामा आहेत. आयुष्यभर बारीक अक्षरं वाचलीत त्यांनी. आकडे वाचून दाखवायला बसवू का?"

असा मी तिथं लागलो. सकाळी पहिल्या खोलीत घारू नळ्या भरायची आणि मी टोपणावरचे आकडे मोठ्यानं वाचायचो. दुपारी दुसऱ्या खोलीत मोठ्या बाई निकाल बघायच्या, तिथंही आकडे वाचायला मीच. मोठ्या बाई म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या. बोलणं कमी, पण जे बोलायच्या ते लागेल असं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला कोट, हातमोजे, टोपी, मास्क आणि सपाता दिल्या, प्रत्येक खोलीच्या वेगळ्या. म्हणाल्या, "पहिलीचं पहिलीत, दुसरीचं दुसरीत. विसरलात तर भाचीला ओरडा बसेल, तुम्हाला नाही." मी कधी विसरलो नाही. कोट बदलताना बटणंसुद्धा मोजून लावायचो.

हे सगळं कशासाठी, ते घारूनं मला घरी जेवणाच्या टेबलावर समजावलं होतं.

"मामा, दोराची शिडी डोळ्यांसमोर आणा. तिला पीळ दिलाय. बाजूच्या दोन दोऱ्या म्हणजे दोन धागे. मधली प्रत्येक पायरी म्हणजे दोन अक्षरांची जोडी, एक या धाग्यावरचं, एक त्या. अक्षरं एकूण चारच. ए समोर कायम टी, जी समोर कायम सी. दुसरी जोडी जमतच नाही."

"तुझा मामा म्हणजे मग जोडीशिवायचा ए," बहीण वाढता वाढता म्हणाली. मी लग्न केलं नाही, हे तिला रोज नव्यानं आठवतं.

"आई, थांब ना. हाच तो डीएनए. आता याची नक्कल कशी होते? आम्ही तो तापवतो. पायऱ्या मधोमध सुटतात, धागे वेगळे होतात. मग थंड केला की प्रत्येक सुट्ट्या धाग्यासमोर नवी अक्षरं येऊन बसतात. ए समोर टी, जी समोर सी. एका शिडीच्या दोन झाल्या. प्रत्येकीत एक धागा जुना, एक नवा. पुन्हा तापवलं, दोनाच्या चार. चाराच्या आठ. मशीन दुपारपर्यंत हेच करत बसतं, आणि शेवटी इतक्या नकला होतात की मोजायची सोय नाही."

मला खिळा आठवला. खिळ्यावरचं अक्षर उलटं, कागदावरचं सुलटं. एक हातात असलं की दुसरं कसं असणार ते सांगता येतं. मी तसं म्हणालो, पण लगेच वाटलं, काहीतरी बाळबोध बोललो. घारूनं मात्र मान डोलावली.

"अगदी तसंच. आणि तुमच्या धंद्यातला माणूसही आहे तिथं. जिवंत पेशीत अक्षरं जोडणारा जो कारागीर असतो ना, तो चुकीचं अक्षर बसलं की मागे वळून काढून टाकतो. आम्ही नळीत घालतो तो मात्र मागे वळून बघत नाही. सुटतो तो सुटतोच."

"आणि कुठल्याही डीएनएची नक्कल होते?"

"नाही. सुरुवात कुठून करायची हे सांगणारे दोन छोटे तुकडे आम्ही घालतो. ते फक्त त्या जंतूच्याच अक्षरांना चिकटतात. जंतू नसेल तर चिकटायला जागा नाही, म्हणजे नक्कल नाही. आता कळलं दोन खोल्या का? दुसऱ्या खोलीत नकला झालेल्या नळ्या उघडतात. टोपण उघडताना डोळ्यांना दिसणार नाही असा तुषार उडतो. त्यातला एवढासा कण पहिल्या खोलीत आला आणि उघड्या नळीत पडला, की मशीन त्याचीही नक्कल करत बसणार. त्याला काय माहीत हा पानातून आला की कुणाच्या बाहीवरून."

हे ओळखता यावं म्हणून रोज शेवटची एक नळी नुसत्या पाण्याची असते. तिच्यात पान नाही, जंतू नाही, काही नाही. बाकीच्या नळ्या भरून होईपर्यंत ती उघडीच ठेवतात, म्हणजे हवेतून काही पडायचं असलं तर तिच्यात पडावं. दुपारी सगळ्या नळ्यांतला थेंब थेंब जेलीच्या पातळ वडीत सोडतात, वीज लावतात, आणि मग निळ्या दिव्यावर ती वडी ठेवून नारिंगी काचेतून बघतात. जिथं नक्कल झाली तिथं रेघ चमकते. पाण्याच्या जागी अंधारच दिसायला हवा.

मी कामाला लागलो त्यानंतर थोड्याच दिवसांनी पाण्याच्या जागी रेघ दिसली.

फिकट होती. मोठ्या बाईंनी डोळे बारीक केले. मी गळ्यातलं भिंग पुढे करून वडीवर वाकलो आणि म्हणालो, "आहे."

"आहे ना?" बाई म्हणाल्या. मास्कच्या वर त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मला ते हसू वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रेघ. पाण्याची बाटली बदलली. रसायनं फेकून नवी काढली. घारूनं पहिल्या खोलीतलं टेबल, खुर्ची, दाराची मूठ, सगळं तीन-तीनदा पुसलं. रेघ येतच राहिली, कधी फिकट, कधी ठसठशीत. पाण्यात रेघ आली म्हणजे बाकीच्या रेघांवरही विश्वास उरत नाही. निकाल थांबले. रोपवाटिकावाल्यांचे फोन यायला लागले आणि साहेबांच्या कपाळावरची आठी जाईना.

साहेब वाईट माणूस नव्हेत. पूर्वी कधीतरी अशाच एका खोट्या रेघेवरून त्यांनी एका माणसाची निरोगी रोपं जाळायला लावली होती. तो माणूस जळत्या वाफ्याशी काही न बोलता उभा राहिला होता, असं ते एकदाच बोलले. तेव्हापासून त्यांचा कुणावर विश्वास नाही. त्यांनी घारूला सर्वांसमोर सांगितलं, "या महिन्यात पाणी स्वच्छ झालं नाही तर तुला कायम करण्याचा विषय विसर. दुसरी मुलगी बघावी लागेल."

घारूचा चेहरा पांढराफटक पडला. हे काम तिनं फार कष्टानं मिळवलं होतं. तिचे वडील गेल्यापासून घर तिच्यावर चाललं होतं, पण ते बाजूला ठेवलं तरी, पहिल्या खोलीत नळ्यांपुढे बसलेली घारू मी पाहिली होती. तसं समाधान मी स्वतः छापखान्यात फार थोड्या वेळा अनुभवलं.

एके दिवशी साहेबांनी मला खोलीत बोलावून दार लावलं.

"तुम्ही तिचे मामा, म्हणूनच विचारतो. ती दुपारी गुपचूप पहिल्या खोलीत जाते का?"

"नाही हो. म्हणजे, मी तरी पाहिलेली नाही."

"मधे ती आजारी होती, दोनदा घरी राहिली. बाईंनी एकटीनं काम केलं. त्या दोन्ही दिवशी पाणी स्वच्छ. ती आली की रेघ आली. याचा अर्थ तुम्हीच सांगा."

मी खुर्ची मागे सरकवली.

"जरा लक्ष ठेवा," साहेब म्हणाले. "तिच्या भल्यासाठीच."

मी 'हो' म्हणालो. मला 'नाही' म्हणता येत नाही, हा माझा जुना रोग. बाहेर आलो आणि बोळातल्या बाकावर पुस्तक उघडून बसलो. त्या दिवसापासून माझी दुपार तिथंच जायला लागली. दुसऱ्या खोलीतलं काम झालं की मी हात धुऊन बाकावर यायचो, पुस्तक मांडीवर घ्यायचो आणि पहिल्या खोलीच्या दाराकडे बघत राहायचो. स्वतःच्या भाचीवर पाळत ठेवणारा माणूस कसा दिसत असेल, असा विचार मनात यायचा. मग वाटायचं, पण साहेब म्हणतात ते खोटं कुठं आहे? ती आली की रेघ येते. मुद्रितात एकच चूक पुन्हा पुन्हा यायला लागली की आम्ही खिळे जुळवणाऱ्याचा हात बघायचो, कागद बघत बसायचो नाही.

घारू दुपारी पहिल्या खोलीकडे फिरकली नाही. फिरकल्या त्या मोठ्या बाई.

एका दुपारी त्या दुसऱ्या खोलीतून बाहेर आल्या, हात धुतले, कोट बदलला, बोळात दोन्ही बाजूंना नजर टाकली आणि पहिल्या खोलीच्या दाराशी वाकल्या. हातात काडीसारखं काहीतरी होतं. ते त्यांनी दाराच्या मुठीवर फिरवलं, एका नळीत टाकलं आणि नळी खिशात घातली. मी पुस्तक वर धरलं. त्या माझ्यासमोरून जाताना म्हणाल्या, "काय वाचताय?"

"असंच."

"चांगलं आहे. वाचत राहा."

माझ्या मनात पाल चुकचुकली. घारू कायम झाली तर उद्या बाईंची जागा तिला मिळणार, हे मी ऐकून होतो. आणि घारू आजारी असताना पाणी स्वच्छ ठेवणारी बाईच की! मला एकदम सगळं जुळल्यासारखं वाटलं. मग लगेच भीती वाटली, कारण मला ज्या ज्या वेळी सगळं जुळल्यासारखं वाटलं आहे, त्या त्या वेळी मी तोंडावर पडलो आहे.

त्याच संध्याकाळी घरी मी तोंड धुऊन आलो तर माझं भिंग खुंटीवर नव्हतं. शोधायला लागलो तर ते शेजारच्या खुंटीवर सापडलं. छापखाना सोडताना मालकांनी दिलेलं ते भिंग, काळ्या दोरीत ओवलेलं. मी ते कायम एकाच खुंटीला लावतो.

"माझं भिंग कुणी हलवलं?" मी विचारलं.

"तुझ्या भिंगाला हात लावायची कुणाची छाती आहे?" बहीण म्हणाली. "आंघोळीलासुद्धा नेशील ते. घारू, तू घेतलंस का गं?"

"मी कशाला घेऊ?" घारू मान वर न करता म्हणाली.

ती खोटं बोलली. लहानपणापासून खोटं बोलताना ती मान वर करत नाही. त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

सकाळी नेहमीसारखा स्कूटरवर तिच्या मागे बसून गेलो. प्रयोगशाळेत पोहोचल्यावर मी पहिल्या खोलीचा कोट घालायला घेतला, तर ती दारात आडवी उभी राहिली.

"मामा, आज तुम्ही बाहेर बसा. आज आकडे मीच वाचते."

"का गं?"

"असंच. आज नळ्या वेगळ्या आहेत."

"वेगळ्या म्हणजे?"

"मामा, प्लीज."

दार लागलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. पहिल्या खोलीला कडी लावतात, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

मी बाकावर बसलो. ही पोर आत काय करते आहे? मला बाहेर ठेवून काय लपवते आहे? साहेबांच्या खोलीत दिवा लागलेला दिसत होता. मी उठलो, दारापर्यंत गेलो, परत फिरलो, पुन्हा गेलो. शेवटी साहेबांनीच हाक मारली, "या की आत. काय झालं?"

घारूचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि त्याजागी दुसरं नाव दिलं.

"काल मोठ्या बाईंना पाहिलं," मी म्हणालो. "पहिल्या खोलीच्या दाराशी. मुठीला काहीतरी लावत होत्या."

साहेब ताडकन उठले. बाईंना बोलावलं गेलं. दार बंद होतं, तरी आवाज बोळात येत होता. साहेबांचा चढा, बाईंचा खालचा. बाहेर आल्या तेव्हा बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सावकाश म्हणाल्या, "साहेबांना म्हटलं, दुपारी जेली बघा आणि मग काय बोलायचं ते बोला. तुम्हीही या. आकडे वाचायला तुम्हीच लागता आम्हाला."

दुपारी मी दुसऱ्या खोलीचा कोट घातला, बटणं लावली, सपाता बदलल्या. साहेबांना कुणाचा तरी फोन आला म्हणून ते मागे राहिले. खोलीत आम्ही तिघंच. वडी निळ्या दिव्यावर होती. घारू भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून.

"वाचा," बाई म्हणाल्या.

मी नारिंगी काचेवर वाकलो, भिंग डोळ्याशी नेलं. "पहिली, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसरी, नाही. चौथी, नाही. पाचवी, नाही. सहावी..." मी जरा थांबलो. "अगदी फिकट. असल्यासारखी. सातवी..."

सातवी रेघ डोळ्यांत घुसली. इतकी ठळक रेघ मी तिथं पाहिली नव्हती.

"आणि पाणी?" घारूनं विचारलं.

मी शेवटच्या जागेवर भिंग नेलं. अंधार होता. भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. स्वच्छ अंधार.

"पाणी स्वच्छ आहे," मी म्हणालो. "म्हणजे चोर सातवा! सापडला तर! सातवी कशाची आहे?"

बाईंनी घारूकडे पाहिलं, घारूनं बाईंकडे. मग बाई म्हणाल्या, "तू सांग. तुझा मामा आहे."

"आज पानं नव्हतीच मामा," घारू म्हणाली. "आम्ही दोघींनी ओल्या काड्या जिथं तिथं फिरवल्या. कुठं नकला सांडल्यात ते बघायला. पहिली पहिल्या खोलीतला नळ. दुसरी माझा कोट. तिसरी बाईंच्या सपाता. चौथी टेबल. पाचवी दाराची मूठ, ती काल बाईंनी पुसून आणली. सहावी पहिल्या खोलीतली तुमची खुर्ची."

"आणि सातवी?"

"तुमच्या हातात आहे ते."

मी हातातल्या भिंगाकडे पाहिलं. निळ्या उजेडात त्याची कड चमकत होती.

"कोट बदललात," घारू म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "हातमोजे, टोपी, सपाता, सगळं बदललंत. भिंग मात्र गळ्यातच. दुपारी इथं उघड्या नळ्यांवर, या वडीवर वाकायचात. रात्री घरी न्यायचात. सकाळी तेच भिंग कोटाच्या आतून पहिल्या खोलीत. मास्कमुळे त्यावर वाफ धरायची आणि तुम्ही ते पुसायचात. नळ्यांच्या वरच पुसायचात, मामा. त्याच कापडानं. रोज."

मला बसावंसं वाटलं, पण इथली खुर्चीही त्या सहावीसारखी माझीच होती. मी उभाच राहिलो. भिंग ही बदलायची वस्तू आहे, असं मला एकदाही वाटलं नव्हतं. डोळा कुणी काढून दारात ठेवतो का?

"तू आजारी होतीस तेव्हा..." मी म्हणालो.

"तेव्हा तुम्हीही आला नव्हतात. तुम्ही माझ्या स्कूटरवरून येता."

हे कुणालाच कसं सुचलं नाही? साहेबांना नाही, मला नाही. आम्हाला घारूची गैरहजेरी दिसली. माझी हजेरी-गैरहजेरी धरायचं कुणाच्या मनातच आलं नाही. मी इतकी वर्षं असाच कुणाच्या लक्षात न येता वावरलो आणि त्यातच मला बरं वाटत आलं.

"काल संध्याकाळी तू भिंग घेतलं होतंस," मी म्हणालो.

"हो."

"म्हणजे माझ्यावर संशय घेतलास."

"आणि तुम्ही?" तिनं प्रथमच माझ्याकडे सरळ पाहिलं. "बाकावर बसून काय करत होतात? अख्खी दुपार एक पान उलटलं नाहीत तुम्ही. मला वाटलं, मामा तरी माझ्या बाजूनं असतील."

"साहेबांनी सांगितलं म्हणून..."

"साहेबांनी सांगितलं," ती म्हणाली.

मोठ्या बाई वडी उचलत होत्या. "माझं नाव सांगितलंत तेव्हा भाचीला वाचवायला सांगितलंत, एवढं कळतं मला," त्या म्हणाल्या. "ती माझी भाची असती तर मीही तुमचंच नाव सांगितलं असतं. पण आता साहेब येतील. त्यांना कोण सांगतंय?"

मला माहीत होतं, मी सांगितलं नाही तर घारूही सांगणार नाही. ती काहीतरी बोलून वेळ मारून नेईल. भिंग माझ्याकडून गुपचूप काढून घेईल, उद्यापासून पाणी स्वच्छ होईल, पण आधीच्या सगळ्या रेघा तिच्याच नावावर राहतील. आणि साहेब तिला कायम करणार नाहीत.

मी बोळात गेलो. साहेब समोरूनच येत होते.

"भिंग," मी म्हणालो.

"काय?"

"ते भिंगामुळे होतंय. माझ्या. तिचा काही संबंध नाही. बाईंचाही नाही." मला जे सांगायचं होतं ते मनात फार नीट जुळवलेलं होतं, बाहेर येताना सगळे खिळे सांडले. तरी सांगितलं. वाफ, कापड, खुंटी, स्कूटर, सगळं.

साहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग डोळे बारीक करून विचारलं, "ही आजची जेली लावली कुणी?"

"घारूनं. बाईंनी."

"म्हणजे जिच्यावर संशय तिनंच तपासणी केली, आणि आता तिचा मामा सगळं अंगावर घेतोय. मी यावर विश्वास ठेवावा?"

खरं बोलल्यावरसुद्धा लबाडासारखा दिसलो.

"ठेवू नका," मागून घारूचा आवाज आला. ती दारात उभी होती. "उद्या तुम्ही स्वतः बसा. नेहमीची पानं, नेहमीच्या नळ्या, तेच आम्ही तिघं. मामा आत बसून आकडे वाचतील. फक्त भिंग नाही. पाणी तुम्ही ओता, आणि जेलीही तुम्हीच बघा."

साहेबांनी हात पुढे केला. मी भिंग दोरीसकट काढून दिलं. त्यांनी ते घेतलं नाही; खिशातून एक प्लास्टिकची पिशवी काढून माझ्यापुढे धरली. मी त्यात सोडलं.

त्या संध्याकाळी बहिणीनं विचारलं, "दादा, गळा मोकळा दिसतोय? हरवलंस की काय?" घारू म्हणाली, "आई, वाढ ना." मग तिनं स्वतःच उठून माझे शर्ट, रुमाल, भिंग पुसायचं कापड, सगळं गरम पाण्यात भिजत घातलं. मी शेजारी उभा राहिलो. तिनं मला साबण आणायला सांगितलं, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी साहेब पहिल्या खोलीत आमच्यामागे उभे होते. घारूनं टोपणांवरचे आकडे त्या दिवशी जाड काढले होते, तरी मला ते वाचताना नळी हातभर लांब धरून मान मागे घ्यावी लागत होती. "तेरा." "चौदा." एकदा चुकलो. "पंधरा म्हणायचंय ना मामा?" ती म्हणाली, आणि मी म्हणालो, "पंधराच." पाणी साहेबांनी ओतलं. ती नळी शेवटपर्यंत उघडी राहिली. मी श्वाससुद्धा दुसऱ्या बाजूला तोंड करून घेत होतो.

मशीन चालू असेपर्यंत कुणी जेवलं नाही. मी मनात त्या शिड्या सुटताना आणि पुन्हा भरताना बघत होतो. प्रत्येक धाग्यासमोर त्याचा जोडीदार येऊन बसतो, चुकत नाही, संशय घेत नाही. नळीत धागाच नसला तर तो नुसता थांबून राहतो. मी मनातल्या मनात म्हणत होतो, आज थांबून राहा बाबा.

दुपारी दुसऱ्या खोलीतला मोठा दिवा मालवला. साहेब नारिंगी काचेवर वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत. एकदा त्यांनी रुमालानं काच पुसली. पुन्हा वाकले. घारूनं टेबलाची कड घट्ट धरली होती.

"बाई, तुम्ही बघा," साहेब म्हणाले.

बाई वाकल्या. "काही नाही," म्हणाल्या.

"नीट बघा. फिकट?"

"साहेब, फिकटही नाही. पानांच्या रेघा आहेत तिथं आहेत. पाण्यात काही नाही."

साहेब सरळ झाले. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "उद्या पुन्हा एकदा असंच करू," ते म्हणाले. "उद्याही असंच आलं तर थांबलेले निकाल पुन्हा तपासून पाठवून द्या." दाराशी जाऊन थांबले, वळले. "आणि तुला कायम करण्याचं मी वर कळवतो. उद्या, जेली बघून." पुढे माझ्याकडे न बघता म्हणाले, "भिंगं दोन घ्या. एक इथलं, एक तिथलं. घरी कुठलंच नाही."

ते गेले. बाई हातमोजे काढत गुणगुणायला लागल्या. मी त्यांच्याजवळ जाऊन माफीचं काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, तर त्या म्हणाल्या, "असू दे. तुम्हाला नाही जमणार ते."

घारू अजून काचेवर वाकलेली होती. तिच्या तोंडावर निळा उजेड पडला होता. मी तिच्या शेजारी वाकलो. मला निळ्या धुक्यात काही पिवळट डाग दिसत होते, एकमेकांत मिसळलेले. पाण्याची जागा कुठली आणि कडेची कुठली, हेही मला कळेना. हात सवयीनं गळ्यापाशी गेला. तिथं काही नव्हतं.

"दिसतंय का मामा?"

"कुठं बघू?"

तिनं काचेवर बोट ठेवलं. "इथं. इथं काहीच नाहीये."

मी तिच्या बोटाच्या टोकाकडे पाहत राहिलो.

"खरंच नाही?"

"खरंच नाही."

"बरं," मी म्हणालो, आणि पुन्हा विचारलं नाही.